विमा आयुक्त : मतांतून की नेमणुकीतून?

प्रश्न : अमेरिकेत राज्याचा विमा आयुक्त जनतेने निवडावा की गव्हर्नरने नेमावा?

उत्तर : १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्यामुळे तिथे विम्याचे नियमन राज्यांकडे आहे. बहुतेक राज्यांत आयुक्त नेमला जातो. ११ राज्यांत तो निवडून येतो. वाहनविम्याच्या भडकलेल्या हप्त्यांनी चिडलेल्या कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये ‘प्रपोझिशन १०३’ मंजूर करून हे पद निवडणुकीवर सोपवले. दरवाढीला आयुक्ताची पूर्वमंजुरीही सक्तीची केली. मतपेटी म्हणजे सचोटीची हमी मात्र नव्हे. तिथेच निवडून आलेले आयुक्त चक क्वाकेनबुश यांनी नॉर्थरिज भूकंपाचे दावे नीट न हाताळणाऱ्या कंपन्यांना मोठ्या दंडाऐवजी एका निधीला देणग्या द्यायला लावून सोडले. त्यातला पैसा त्यांच्याच छबीच्या टीव्ही जाहिरातींवर गेला आणि २००० मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. नेमलेल्या आयुक्ताला मते मागावी लागत नाहीत. गव्हर्नरची मर्जी तेवढी राखावी लागते. पद्धत कुठलीही असो, विमा कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी ही त्याहून निकडीची गोष्ट.