इंजिनाच्या दफ्तरातील साक्ष

पूर्णा, ता. भिवंडी, जि. ठाणे

चि. समीर यास मामाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोहोचले. पडघ्याहून दापोड्याच्या गोदामापर्यंत ज्या गाडीवर तू रोज जातोस-येतोस, ती तू पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून शिल्लक टाकून घेतलेली आहे हे मला ठाऊक असल्यामुळे, तिच्याविषयीचा तुझा प्रश्न मी किरकोळ मानीत नाही. माणकोलीच्या कोंडीत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके खाते, रेस सोडून पुन्हा दिली की क्षणभर अडखळते, आणि मित्राने सुचविलेली काडेपेटीएवढी डबी सेन्सरच्या वायरीत जोडली की हे सारे मिटून पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतील, असे तू लिहितोस. पैसे मोजण्यापूर्वी मला विचारावे असे तुला वाटले, याचे मनापासून समाधान झाले.

कार्ब्युरेटरच्या काळी पेट्रोल वाढवावयाचे तर आम्ही जेट बदलीत असू किंवा स्क्रू पाव फेरा फिरवीत असू, आणि केलेला फेरफार तेथेच कायम राहत असे. इंजेक्शनच्या गाडीत हा फैसला ईसीयू नावाच्या एका बंद दफ्तरात होतो. हवा किती आली, ती किती तापलेली आहे, इंजिन किती गरम आहे, थ्रॉटल किती उघडला आहे, या सर्वांच्या कैफियती तारांवाटे तेथे दाखल होतात आणि इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवावयाचा याचा हुकूम सुटतो. शिवाय सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर, जळून बाहेर पडलेल्या वायूत प्राणवायू किती शिल्लक राहिला हे पाहून, हुकमाची अंमलबजावणी बरोबर झाली की नाही याचा दाखला परत पाठवितो. पेट्रोल नेमके पुरते जळावयाचे तर शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने १४.७ भाग हवा लागते. पंपावरील वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलास त्याहून कमी, सुमारे साडेतेरा भाग पुरते, आणि हा फरकदेखील तो सेन्सर आपणहून पदरात घेतो.

इंजेक्शन म्हणजे आपोआप अधिक ताकद, असा जो समज तुमच्या वयाच्या मुलांत आहे, तो आपल्या महाराष्ट्रातच एकदा खोटा ठरलेला आहे. पुण्याच्या बजाज कंपनीने २००७ साली पल्सर २२० इंजेक्शनसह बाजारात आणली, आणि २००९ साली तीच गाडी कार्ब्युरेटर बसवून पुन्हा काढली, तेव्हा दुसरी स्वस्त तर होतीच, पण कागदोपत्री किंचित अधिक शक्तीचीही होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम देशभर लागू झाले आणि इंजेक्शन बहुतेक सर्व मोटारसायकलींत आले, ते मुख्यतः धूर शुद्ध राखण्यासाठी. आणि धूर शुद्ध राखावयाचा म्हणून संथ चालीत ही इंजिने पेट्रोल अगदी मोजून घेतात. तुला जाणवणाऱ्या गचक्यांत या काटकसरीचा अंश असू शकतो, हे मी नाकारीत नाही.

आता त्या डबीविषयी. मागे एका गिऱ्हाइकाने अशीच एक डबी माझ्याकडे आणून दिली. वरचे प्लास्टिक ब्लेडने उभे कापले, आतला कडक झालेला डिंकासारखा मसाला खरवडून काढला, तेव्हा हाती आला तो रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर आणि दोन तारा. दुसरे काहीही नाही. हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत घटतो, म्हणून त्याच्या वाटेत हा तुकडा घातला की भर वैशाखातील दुपारी ईसीयूला पौषातील पहाट भासते, आणि थंड हवा दाट असते या हिशेबाने ते पेट्रोल वाढवून देते. परंतु संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर जागाच असतो. धुरात प्राणवायू कमी पडला हे तो कळवितो, ईसीयू वाढविलेले पेट्रोल पुन्हा कापून टाकते, आणि काही दिवसांत ही कपात आपल्या स्मरणात कायम नोंदवून घेते. म्हणजे ज्या माणकोलीच्या कोंडीसाठी तू पैसे देणार, तेथेच त्या डबीचे काम उरत नाही. उरते ते पूर्ण रेस दिल्यावर, जेव्हा ऑक्सिजन सेन्सरचे म्हणणे बाजूला ठेवले जाते. पण तेथे इंजिन मुळातच भरपूर पेट्रोल घेत असते. त्या गिऱ्हाइकाचा प्लग काढून पाहिला तर चिनी मातीच्या टोकावर काजळी हाताला लागत होती. असे जादा पेट्रोल न जळता पुढे गेले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होण्याचे भय असते, आणि त्याची किंमत त्या डबीच्या कैक पट आहे.

मग पहिला आठवडा गाडी खरोखर सुधारल्यासारखी का वाटते, असे तू विचारशील. अनेकदा डबी जोडताना बॅटरीची तार सोडतात, त्यामुळे काही गाड्यांत ईसीयूने जमविलेली जुनी नोंद पुसली जाते आणि ते नव्याने शिकू लागते. त्या अवधीत चाल वेगळी लागते, आणि नोंद पुन्हा जमली की सुख ओसरते.

सगळीच यंत्रे या जातीची नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंजेक्टरच्या तारेवरच बसून, आरपीएम आणि थ्रॉटल पाहून, हुकमाची मुदत ठिकठिकाणी वेगळी वाढविणारी महाग उपकरणे असतात; सायलेन्सर आणि एअर फिल्टर दोन्ही मोकळे केलेल्या गाडीला त्यांची खरी गरज पडते, आणि जाणत्या माणसाने डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवून, धुरातील प्रमाण प्रत्यक्ष मोजून ती जुळविली तर गाडी निश्चित सुधारते. मात्र तेथेही गुण मोजणीचा असतो, नुसत्या जोडणीचा नव्हे. तुझी गाडी कंपनीतून निघाली तशी आहे. तिला हा खटाटोप कशाला? शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, आणि वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर तीही अडचणीत येते.

मला संशय आहे तो निराळाच. राहनाळ, काल्हेर, वळ आणि आपले पूर्णा या पट्ट्यात ट्रेलरच्या चाकांखाली जी धूळ उडते तिने एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातील मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीमागे काळा थर बसला की रेस सोडून पुन्हा देताना नेमके अडखळणे येते. चेन ढिली असली की त्या ढिलाईचा धक्का प्रत्येक वेळी मागून बसतो आणि चालविणारा त्याचा दोष पेट्रोलला देतो. रेसच्या केबलची ढिलाई, इनटेकच्या रबराला गेलेली बारीक चीर आणि टॅपेट हीदेखील पाहावयास हवीत. यातील बहुतेक कामाला हात आणि वेळ लागतो, पैसा फारसा नाही.

तोवर तू एवढेच कर. ठरलेल्या एकाच पंपावर टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहून ठेव, ती संपत आली की त्याच पंपावर पुन्हा भर, आणि असे तीन वेळा झाल्यावर सरासरी काढ. गचका कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमला आणि इंजिन थंड असताना की तापल्यावर बसतो, तेही वहीत टीप. ही वही घेऊन ये. टॅपेटची फट थंड इंजिनावरच मोजावयाची असते, म्हणून रविवारी सकाळी येण्यापेक्षा शनिवारी कामावरून सुटल्यावर गाडी परस्पर इकडेच आण, रात्रभर अंगणात उभी राहू दे, आणि तूही इथेच मुक्काम कर. तुझी मामी भाकरी टाकून ठेवील.

तुझा,
मामा