स्कूबा डायव्हिंग : पाण्याखाली दम धरायचा नाही!



आपल्या पांढरकवड्यापासून समुद्र खूप लांब. आपल्या मुलांचं पाणी म्हणजे विहीर, नदी, धरण आणि आता शेततळं. पण दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाणारी कुटुंबं आपल्याकडेही वाढली आहेत. तिकडून आलेलं मूल वर्गात सांगतं, "मी समुद्राच्या खाली गेलो होतो, पाठीवर ऑक्सिजन होता!" मग पूर्ण वर्गाचे कान टवकारतात. या उत्सुकतेचा उपयोग करून दाब, हवा आणि सुरक्षितता हे तिन्ही मुद्दे एकाच पाठात शिकवता येतात. पालकांनाही यातून एक महत्त्वाची गोष्ट कळेल.

पाठीवर नेमकं काय असतं?

आधी एक गैरसमज दूर करू. त्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो. असते ती आपण श्वासात घेतो तीच साधी हवा, पण दाबून भरलेली. नेहमीच्या सिलिंडरची आतली जागा साधारण ११ लिटर, म्हणजे घागरीएवढी. त्यात दोन हजार लिटरपेक्षा जास्त हवा मावते. इतक्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येत नाही. म्हणून मध्ये रेग्युलेटर बसवलेला असतो. आपण जितक्या खोल असू, तिथल्या पाण्याच्या दाबाएवढ्याच दाबाची हवा तो देतो. पाणबुड्यांसाठी असं आपोआप चालणारं उपकरण १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केलं. आजचं स्कूबा त्यावरूनच पुढे आलं.

सगळ्यात पहिला नियम

विहिरीत उडी मारताना आपण मुलांना काय सांगतो? "नाक दाब, दम धर." स्कूबामध्ये नेमकं उलटं आहे : दम कधीच धरायचा नाही, श्वास सतत चालू ठेवायचा. असं का?

जमिनीवर आपल्यावर हवेचा एक वातावरण एवढा दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एक वातावरणाची भर पडते. १० मीटर म्हणजे ३३ फूट, एखाद्या खोल विहिरीएवढं. तिथे दाब दुप्पट होतो. तिथे भरलेला फुगा न सोडता वर आणला तर पाण्याच्या पृष्ठभागावर तो दुप्पट मोठा होईल. नाहीतर वाटेतच फुटेल.

आता फुग्याच्या जागी फुप्फुस समजा. विहिरीत बुडी मारणारा मुलगा हवा वरूनच घेऊन जातो. खाली ती आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते. त्यामुळे फुप्फुसाला इजा होत नाही. स्कूबावाला मात्र खालीच दाबातली हवा भरून घेतो. तो दम धरून वर आला तर ती हवा फुप्फुसात फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. यासाठी फार खोल जावं लागत नाही, दोन-तीन मीटरवरही हा धोका असतो. म्हणून "थोडंसंच तर खोल आहे" असं म्हणून हा नियम सोडायचा नाही.

वर्गात करून पाहा

१. सुई नसलेली सिरिंज घ्या. दट्ट्या अर्ध्यापर्यंत ओढा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या आत ढकला. हवा आकसते. दट्ट्या सोडला की तो परत मागे येतो. मुलांना विचारा : हवा कुठे गेली होती?

२. प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ पाण्याने भरा. पेनाच्या टोपणाला थोडी माती लावून ते जेमतेम तरंगेल असं आत सोडा आणि झाकण लावा. बाटली दाबली की टोपण खाली जातं, सोडली की वर येतं. टोपणातली हवा आकसली की ते बुडतं, एवढं मुलं स्वतःच शोधून काढतात.

नवशिक्याला वाळूचा किनारा का बरा?

अंदमानच्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, नवशिके वाळूच्या किनाऱ्यावरून चालतच पाण्यात उतरतात. आधी कमरेएवढ्या पाण्यात श्वासाचा सराव, मग हळूहळू खोल. वाळूवर गुडघे टेकले तरी प्रवाळ मोडत नाही, आणि भीती वाटली तर उभं राहता येतं.

आपल्या मालवणला मात्र बहुतेक वेळा होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेतात. चौथीला शिवछत्रपती शिकवताना या किल्ल्याचं नाव येतंच. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. इथला समुद्र उथळ आणि खडकाळ आहे. प्रशिक्षक शेवटपर्यंत पर्यटकाला धरून असतो, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनाही नेतात. पावसाळ्यात हे बंद असतं. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आपल्या टिपेश्वरला जसं आपण प्राण्यांना खाऊ घालत नाही, तसंच इथे माशांना पाव टाकायचा नाही. प्रवाळाला हात लावायचा नाही, कारण तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे.

पालकांनी आधी काय पाहायचं?

• मुलाचं वय किमान १० वर्षं असावं. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणात समुद्रासाठी साधारण हीच अट असते.
• सर्दी, कान दुखणं, दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर उतरू नये. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावं.
• एका मुलामागे एक प्रशिक्षक असावा. त्याचं प्रमाणपत्र मागून पाहावं, यात लाजण्यासारखं काही नाही.
• उतरण्याआधी कमी पाण्यात सराव आणि खुणा शिकवतात का? नाक चिमटीत धरून हळूच फुंकून कान मोकळे करायला शिकवलंच पाहिजे.
• होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं.
• मूल "नको" म्हणालं तर नको. पैसे भरले म्हणून ढकलू नये.

खुणांची एक गंमत मुलांना जरूर सांगा. आपण अंगठा वर करून "छान" म्हणतो. पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला" असा होतो! ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या सहलीत स्कूबा ठेवू नका. चाळीस मुलांमागे दोन-तीन शिक्षक असताना प्रत्येकाची प्रकृती आणि भीती पाहणं शक्य नाही. तो निर्णय आईवडिलांनी सोबत असताना घ्यावा.

आणि शेवटी, आपल्या शेततळ्याचं

हा पाठ शिकवल्यावर एखादा हुशार पोरगा विचारणारच : "सर, लांब पाइप तोंडात धरून विहिरीत बसता येईल का?" उत्तर स्पष्ट द्या : नाही. पाण्याचा दाब छातीवर बसतो आणि वरची साधी हवा आत ओढताच येत नाही. शिवाय सोडलेला श्वास पाइपातच अडकून तोच परत आत येतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर काठही निसरडा असतो, आत गेलेल्याला वर चढता येत नाही. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हे वाक्य फळ्यावर लिहूनच पाठ संपवा.

मुलांसाठी प्रश्न

१. २० मीटर खोल पाण्यात दाब किती पट होईल?
२. विहिरीत दम धरलेला चालतो, स्कूबात का चालत नाही?
३. सिलिंडरमध्ये काय भरलेलं असतं?

वर्गात प्रयोग करून पाहा आणि मुलांची उत्तरं आम्हाला नक्की कळवा.