नोकरदारांचे विद्यापीठ आणि जवळचे अभ्यासकेंद्र

नोकरी करणाऱ्या प्रौढांपैकी अनेकांना पुढे शिकण्याची इच्छा असते. उणीव असते ती वेळेची. पनवेल तालुक्यातील नावडे परिसराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दिवा-पनवेल लोहमार्गावरील या ठिकाणाजवळच तळोजा औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतील अनेक कामगारांना पाळीने काम करावे लागते. पाळी बदलली की ठरावीक वेळेच्या महाविद्यालयातील हजेरी तुटते. रात्रीच्या वर्गाचीही तीच गत होते. अशा विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाची घडणच निराळी असावी लागते.

मुक्त शिक्षणाची वाटचाल

श्रमिकांच्या सवडीने शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा सुरू केली. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. भारतात पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली आंध्र प्रदेशात स्थापन झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली अस्तित्वात आले. त्यानंतर १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद आहे.

केंद्राचे कार्य

हे ब्रीद प्रत्यक्षात उतरते ते अभ्यासकेंद्रांच्या द्वारे. मुख्यालय नाशिकला असले तरी विभागीय केंद्रे आणि त्यांच्या कक्षेतील अभ्यासकेंद्रे यांच्यामार्फत विद्यापीठ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते. अभ्यासकेंद्रासाठी सहसा नवी इमारत लागत नाही. चालू महाविद्यालयाचे वर्ग सुटीच्या दिवशी रिकामे असतात. त्यांचाच उपयोग होतो.

पाठ्यपुस्तके स्वयंअध्ययनाच्या दृष्टीने लिहिलेली असतात. विद्यार्थी ती आपल्या सवडीने वाचतो. अडलेला भाग संपर्कसत्रात समंत्रकाला विचारतो. समंत्रक हा व्याख्याता कमी आणि मार्गदर्शक अधिक असतो.

खरी कसोटी

प्रवेश घेणे सोपे. अभ्यास शेवटास नेणे कठीण. रात्रपाळी करून रविवारी सकाळी घरी आलेल्या कामगाराला त्याच दिवशी दूरच्या संपर्कसत्रास जाणे जड जाते. अखंड चालणाऱ्या कारखान्यात प्रत्येकाची साप्ताहिक सुटी रविवारीच येते असेही नाही. नोकरी आणि घरकाम दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीला तर प्रवासाचा एक तासही परवडत नाही. दोन सत्रे चुकली की शंका साचतात, गृहपाठ राहतो आणि परीक्षेची धास्ती वाटू लागते. त्यामुळे केंद्राचे अंतर व सत्राची वेळ या किरकोळ बाबी नव्हेत. विद्यार्थी टिकणार की गळणार, हे बव्हंशी त्यांवरच ठरते.

स्थानिक जबाबदारी

येथे स्थानिक संस्थांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीने वाचनालयाची खोली रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवल्यास दाटीच्या घरात राहणाऱ्यांना अभ्यासाला जागा मिळेल. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यापासून नावडे तिच्या हद्दीत आहे. तेथे ही अपेक्षा महापालिकेकडून करावी लागेल. शिक्षकांनी शाळा सोडलेल्या तरुणांना प्रवेशाचे नियम समजावून सांगावेत व पहिला गृहपाठ लिहिताना सोबत करावी. कारखान्यांच्या व्यवस्थापनाने परीक्षेच्या दिवसांत पाळी बदलून दिली, तर वर्षभराची मेहनत वाया जाणार नाही.

पदवीच्या मोलाविषयीही शंका दूर केली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त व दूरस्थ शिक्षणातील पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. मात्र शुल्क भरण्यापूर्वी संस्था, शिक्षणक्रम व अभ्यासकेंद्र यांची मान्यता प्रत्येकाने विद्यापीठाकडूनच पडताळून घ्यावी. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये.

कामगाराला नोकरी सोडून विद्यापीठात येण्यास सांगणे व्यवहार्य नाही. विद्यापीठाने त्याच्या पाळीचे वेळापत्रक पाहून आपले केंद्र व आपली सत्रे आखली, तरच ज्ञानगंगा कामगाराच्या घरी पोहोचेल.