शिमग्याआधीचा धडा : घरची पिचकारी



शिमगा तोंडावर आलाय. पालखीची तयारी, मुंबईकरांची ये-जा, त्यात रंगपंचमी. बाजारात पिचकाऱ्या लागल्या की पोरं हट्ट धरून बसतात आणि आणलेली पिचकारी दुसऱ्या दिवशी दट्ट्या तुटून अंगणात पडलेली असते. त्यामुळे यंदा दोन-तीन गटांच्या बैठकीत एकच विषय निघाला : पिचकारी घरीच केली तर? आणि जमली तर गटातर्फे विकली तर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ आहे. दुसऱ्याचं तेवढं सरळ नाही, ते शेवटी बघू.

पिचकारी करायच्या आधी परड्यात एक फेरी मारा. शिमग्याच्या सुमाराला आपल्याकडे आंब्या-काजूच्या फवारण्या झालेल्या किंवा चालू असतात. तुडतुड्यांसाठी, ढेकण्यांसाठी आणलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या मांगराच्या कोपऱ्यात, कुंपणाला, पंपाशेजारी पडलेल्या असतात. बाटली चांगली जाड, झाकण घट्ट. पोरांना वाटतं, हिच्या झाकणाला भोक पाडलं की झाली पिचकारी. काही ठिकाणी तर मोठी माणसंच पाठीवरचा फवारणी पंप धुऊन त्यात रंग भरतात. हे दोन्ही बंद म्हणजे बंद. ‘आम्ही तीनदा धुतला’ असं मला नेहमी ऐकायला मिळतं. औषध प्लास्टिकमध्ये, रबरी नळीत, वॉशरमध्ये मुरलेलं असतं, ते खळबळून पूर्ण निघत नाही. आणि पिचकारीचं पाणी तोंडावर, डोळ्यांत, ओठांवरच जातं.

बाटलीवर चौकोनी हिऱ्यासारखी खूण असते, तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे ‘चालतंय’ असं बऱ्याच जणी धरून चालतात. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले होते. ती मोठी, कष्टकरी माणसं होती. लहान मुलाच्या अंगाला किती थोडं पुरेल, याचा विचार करा.

फवारणीची बाटली रिकामी झाली की तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं आणि बाटलीला भोसका पाडायचा, म्हणजे ती पुन्हा कुणी वापरणार नाही. हे काम घरच्या पुरुषांकडून या आठवड्यातच करून घ्या. संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटल्या, दवाखान्यामागे सापडलेल्या सुया-सिरिंजा, गाडीच्या ऑइलचे डबे यांनाही हाच नियम. पिचकारीचं सामान आधी कशाचं होतं हे ठाऊक नसेल, तर ते घ्यायचं नाही.

जोर कुठून येतो

आता यंत्र समजून घेऊ. आपल्या प्रत्येकीच्या घरात पिचकारीची मोठी बहीण आहे, ती म्हणजे सोऱ्या. नळीत पीठ, वरून दट्ट्या, खाली जाळी. चकलीची चकती लावली की दट्ट्या सहज फिरतो. बारीक शेवेची लावली की हात दुखतात, पण शेव सरसर बाहेर येते. पिचकारीत पिठाच्या जागी पाणी, एवढाच फरक.

थोडं गणित करू, अवघड नाही. नळी आतून 25 मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच रुंद आणि पुढचं भोक 5 मिलिमीटरचं. नळी भोकाच्या पाचपट रुंद, म्हणून पाणी हाताच्या पाच गुणिले पाच, 25 पट वेगाने सुटतं. एका सेकंदात दट्ट्या वीतभर सरकला तर धार सेकंदाला पाच मीटरच्या आसपास जाते. ती आठ-दहा फुटांवर पडते, खेळायला भरपूर. आता भोक निम्मं, अडीच मिलिमीटरचं केलं आणि हात तसाच चालवला, तर वेग 100 पट. म्हणजे भोक निम्मं, धार चौपट! लहान पोराच्या हाताने तेवढा जोर निघणार नाही, पण दहावीतला दादा तीच पिचकारी घेऊन जवळून डोळ्यावर मारेल तेव्हा निघेल. म्हणून घरी करताना भोक 5 मिलिमीटरपेक्षा बारीक नको. मोजपट्टी नसेल तर बॉलपेनची साधी रिफिल त्यात सैल गेली पाहिजे.

यात सगळा जोर हाताचा आहे. हात थांबला की धार थांबते, आणि सुरक्षित पिचकारीची खूण हीच. मोठी मुलं मात्र मोबाइलवर बघून दुसरीच पिचकारी करतात. पीव्हीसी पाईप किंवा कोल्ड्रिंकची बाटली बंद करायची, सायकलच्या पंपाने आत हवा भरायची आणि कॉक सोडायचा. दिसायला भारी, पण त्यात हवा दाबून साठवलेली असते. पाणी दाबलं तरी आक्रसत नाही, म्हणून भांडं फुटलं तर पाणी फक्त सांडतं. हवा आक्रसते आणि सुटली की उसळते. शिट्टी अडकलेला कुकर डोळ्यांसमोर आणा. पाईपवर छापलेला ‘4 किलो’, ‘6 किलो’ हा आकडा पाण्यासाठी आहे, हवेसाठी नाही. आणि उन्हात वर्षभर पडलेला पाईप ठिसूळ झालेला असतो. तो फुटला तर त्याचे तुकडे काचेसारखे उडतात. हवा भरायची पिचकारी घरात दिसली तर तिचा कॉक काढून ठेवा आणि पोराला कारण नीट सांगा. नुसतं ओरडलं तर ते शेजारच्या वाडीत जाऊन करतात.

याच पाईपचा आणखी वाईट प्रकार म्हणजे कार्बाइडची बंदूक. ती पाणी मारत नाही, स्फोट करते. 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर शहरांत अशा बंदुकांमुळे शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक मुलं. काहींची नजर गेली. मुलांच्या तोंडी ‘कार्बाइड’ हा शब्द आला तर तो हसण्यावारी नेऊ नका.

करायची कशी

माणगा आपल्याकडे मुबलक, पण तो भरीव असतो, नळीच्या कामाचा नाही. नळीला कळक किंवा दुसरा पोकळ बांबू घ्या, आतून इंचभर रुंद आणि पेर सरळ. सुका घ्या, पण चिरलेला नको. माणग्याची बारीक काठी मात्र दट्ट्याला फर्स्ट क्लास. भरीव असल्याने वाकत नाही, मोडत नाही. स्वतःच्या परड्यातला बांबू तोडायला भीती बाळगू नका. 2017 साली कायदा बदलला आणि खासगी जागेतला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला.

एका बाजूची गाठ ठेवून दीड फुटाचं पेर करवतीने कापा. कोयतीने तोडलं तर तोंड फाटतं आणि कुसळं निघतात. गाठीच्या बरोबर मध्ये भोक पाडा, हातड्रिल असेल तर त्याने, नसेल तर तापवलेल्या खिळ्याने. उघड्या बाजूची कड, भोकाची कड आणि बाहेरची सगळी नळी पॉलिश पेपरने घासा. या कामाला वेळ द्या. कूस हातात गेली तर निदान दिसते तरी, पण पोरं पिचकारी दातांत धरतात, तिथे गेलेली दिसत नाही. शेवटी सुती फडकं नळीवरून फिरवा; कुठेही अडकलं नाही तर झालं.

काठी नळीपेक्षा वीतभर लांब घ्या. एका टोकाला दोन खाचा पाडून जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळा, वर दोरा आवळा. नळीत जाताना ती किंचित अडली पाहिजे. खोबरेल तेलाचा हात लावा आणि दहा मिनिटं पाण्यात ठेवा. कापड फुगतं आणि गळती बंद होते. वरून पाणी येत असेल तर कापडाचा एक वेढा वाढवा. दट्ट्या जाम झाला तर एक वेढा काढा. दोन-तीन वेळा करून बघावं लागतं, चकलीच्या भाजणीसारखंच आहे ते.

काठीचं वरचं टोक मोकळं ठेवू नका. पोर पिचकारी घेऊन पळतं, पडतं, आणि काठी गळ्यात किंवा डोळ्यात जाते. माझ्या मते या पिचकारीत धारेपेक्षा जास्त धोका या टोकाचा आहे. लाकडाची गोल मूठ बसवा, नाहीतर कापडाचा लिंबाएवढा गोळा करून घट्ट शिवा.

बांबू नसेल तर पाईपची करता येते. नवा, इंचाचा पाण्याचा पाईप, पुढे त्याचंच टोपण सोल्युशनने चिकटवून एक दिवस सुकवलेलं, भोक ड्रिलने. पाईपला तापवलेला खिळा लावायचा नाही, चुलीवर धरायचा नाही. पीव्हीसी जळलं की झोंबणारा, विषारी धूर निघतो. दट्ट्याला जुन्या स्लिपरची गोल चकती छान बसते.

पाच वर्षांखालच्या मुलांना दट्ट्याची पिचकारी नकोच. पिण्याच्या पाण्याची मऊ बाटली द्या, झाकणाला दोन-तीन भोकं पाडून. झाकण घट्ट लावून द्या, नाहीतर ते तोंडात जातं.

खेळायच्या दिवशी

रंग पळसाच्या फुलांचा किंवा बिटाचा करा, पण फडक्यातून दोनदा गाळा. पाकळीचा तुकडा भोकात अडकला की पोर जोर लावतं आणि अडकलेलं सुटताना धार उसळते. अडकलं तर भोकात डोळा घालून बघायचं नाही, दट्ट्या काढून मागून पाणी ओतायचं. पाणी पिण्यासारखं स्वच्छ हवं, डबक्यातलं नको. गळ्याच्या वर मारायचं नाही, चालत्या मोटारसायकलवर मारायचं नाही. मांडावर पालखीसाठी लायटिंग केलेलं असतं, त्या वायरी आणि बोर्डाच्या दिशेला तर पिचकारी न्यायचीच नाही.

डोळ्याला धार लागलीच तर चोळू देऊ नका. रंग गेला असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, पंधरा मिनिटं तरी, पापणी उघडी धरून. दूध, मध, तूप काही घालायचं नाही. पण मार लागून डोळ्यात रक्त दिसलं, नजर धूसर झाली, दुखणं थांबेना किंवा काही टोचलंय असं वाटलं, तर दाबून पट्टी बांधू नका, टोचलेलं ओढून काढू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही.

सगळं सांगूनही कुणी औषधाची बाटली वापरलीच आणि पोराला घाम, लाळ, उलटी, धाप लागली, तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा. बाटली फेकू नका, सोबत न्या. डॉक्टरांना तिच्यावरचं नाव लागतं.

विकायचं म्हटलं तर

घरच्या पोरांसाठी केली तर प्रश्न नाही. विकायला ठेवली की ती ‘खेळणं’ होते. खेळण्यांसाठीचा केंद्र सरकारचा गुणवत्ता आदेश 2020 साली आला आणि 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय खूण लागते. ती परवानगी कारखान्याच्या हिशोबाची आहे, तपासणी-प्रयोगशाळेसकट. चार पिचकाऱ्यांसाठी गटाला परवडणारी नाही. ‘बाजारात तर सगळेच विकतात’ असं एक वहिनी म्हणाल्या. विकतात खरं, पण त्यांचा माल जप्त झाला तर त्यांचा जातो. आपला गेला तर गटाच्या कर्जातून आणलेला जातो आणि हप्ता सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

एक सवलत आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट मिळाली आहे. या नोंदणीचं ‘पहचान’ कार्ड मिळतं. आपल्या प्रभागात पिढ्यानपिढ्या सुपं, टोपल्या विणणाऱ्या ताई आहेत, पण त्यातल्या फार थोड्यांकडे हे कार्ड असेल. नोंदणी कारागिराची होते, गटाची नाही. त्यामुळे बाकीच्यांनी बनवायचं आणि एकीच्या कार्डावर खपवायचं, असा मार्ग काढू नका.

म्हणून माझं सुचवणं असं : यंदा पिचकारी फक्त घरासाठी करू. बांबूकाम करणाऱ्या ताईंची कार्डं वर्षभरात काढून घेऊ आणि पुढच्या शिमग्याला त्या विकतील. ज्यांना कार्ड काढायचंय त्यांनी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला आधार कार्ड, बँक पासबुक, दोन फोटो आणि स्वतः केलेली एखादी वस्तू आणावी. बाकीच्यांनी एक पेर, एक काठी आणि जुन्या साडीची पट्टी आणा. करवत आणि पॉलिश पेपर मी आणते.