मोठ्या संगणकाने पीसीला विचारायचे कसे?

मागच्या सत्रात संगणकाच्या तासाला एक चांगला प्रश्न आला होता. पीसी मोठ्या संगणकातली माहिती वाचतो हे आपण बँकेच्या खिडकीवर रोज पाहतो. पण मोठ्या संगणकालाच पीसीवरची माहिती हवी असेल तर? घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते आता पुरे करतो.

मोठा म्हणजे खोलीभर पसरलेला मेनफ्रेम नव्हे. आपण आयबीएमचा एएस/४०० घेऊ. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर येथे तयार झालेला हा मधल्या आकाराचा व्यावसायिक संगणक जून १९८८ मध्ये जाहीर झाला. त्याची कार्यप्रणाली आज आयबीएम आय या नावाने चालते. डेटाबेस त्या कार्यप्रणालीतच बांधलेला असतो आणि यंत्र सतत उत्तर द्यायला तयार असते. म्हणून पीसीवर ओडीबीसी ड्रायव्हर बसवला की पीसीने विचारायचे आणि मोठ्याने सांगायचे, इतके ते सोपे.

उलट दिशेला अडचण वेगळीच आहे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस ही नुसती एक फाइल असते. तिच्यातली माहिती शोधून देणारे इंजिन ज्याने ती उघडली त्याच्या पीसीवर चालते. बाहेरून प्रश्न आला तर तो ऐकायला तिथे कोणीच नसते. रिकाम्या फाटकावर हाक मारावी तसे! एसक्यूएल सर्व्हरचे तसे नाही. तो पीसीवर असला तरी सर्व्हरच. नेहमीच्या मांडणीत तो १४३३ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्नाची वाट पाहत असतो. म्हणून माझा सल्ला असा : टेबले एसक्यूएल सर्व्हरमध्ये हलवावीत आणि ॲक्सेसचे फॉर्म जोडलेल्या टेबलांवर तसेच चालू ठेवावेत. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही, आणि फाटकावर पहारेकरी उभा राहतो.

आता एएस/४००ची बाजू. तिथले बहुतेक हिशेबी प्रोग्राम आरपीजी भाषेत लिहिलेले असतात. २००१ मध्ये आलेल्या व्ही५आर१ या आवृत्तीपासून आरपीजीमधून जावाच्या मेथड थेट बोलावता येतात. पूर्णपणे जावात लिहिलेला जेडीबीसी ड्रायव्हर एएस/४००वर ठेवला की आरपीजी प्रोग्राम जावामार्फत पीसीच्या सर्व्हरला एसक्यूएल वाक्य पाठवतो आणि ओळी एकेक करून उचलतो. यासाठी पीसीवर वेगळे खाते काढावे. त्याला हवी तेवढीच टेबले दिसावीत, आणि फायरवॉलमधून फक्त एएस/४००च्या पत्त्याला वाट द्यावी.

अक्षरांची भानगड मात्र समजून घ्या. मोठा 'ए' पीसीच्या आस्की संकेतात सोळाच्या पायात ४१ असतो, तर एएस/४००च्या एब्सिडिक संकेतात सी१. हे रूपांतर ड्रायव्हर आणि जावा परस्पर करतात, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण क्रम बदलतो त्याकडे लक्ष जात नाही. आस्कीत आकडे आधी आणि अक्षरे नंतर. एब्सिडिकमध्ये अक्षरे आधी, आकडे शेवटी. दोन्हीकडच्या याद्या आपापल्या क्रमाने लावून ओळीला ओळ जुळवायला गेलात, तर आकड्याने सुरू होणारे मालाचे कोड जुळायचे राहतात आणि प्रोग्राम चूक दाखवतही नाही. क्रम लावायचे काम दोघांपैकी एकाकडेच द्यावे.

शिकवण्याकडे वळण्यापूर्वी मी एका कारखान्यात होतो. फाटकावरच्या पीसीत आलेल्या मालाची चलने नोंदली जात. रात्री एएस/४०० त्या नोंदी उचलून साठ्यात मिळवी आणि मग पीसीवर त्या चलनापुढे 'घेतले' अशी खूण करी. एका रात्री माल साठ्यात मिळवून झाला आणि खूण करण्याआधीच जोडणी तुटली. सकाळी मी प्रोग्राम पुन्हा चालवला. तीच चलने दुसऱ्यांदा मिळवली गेली. कागदावर साठा भरपूर दिसू लागला, म्हणून खरेदीची मागणी गेली नाही, आणि चार दिवसांनी यंत्रावरचा माणूस गोदामात रिकाम्या मांडणीसमोर उभा होता. दोष जोडणीचा नव्हता, माझा होता. दोन यंत्रांवरचे लिखाण एकाच दमात पुरे होईल असे मी धरून चाललो होतो.

मग खूण आधी केली तर? ते अधिक वाईट. खूण झाल्यावर जोडणी तुटली तर ते चलन कायमचे हरवते, कारण पुन्हा कोणी त्याला विचारतच नाही. दुबार नोंद निदान मोजणीत सापडते.

आम्ही केलेली दुरुस्ती साधी होती. एएस/४००वर घेतलेल्या चलनांची एक फाइल केली आणि चलन क्रमांक तिची एकमेव किल्ली ठरवली, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहिताच येत नाही. या फाइलमधली नोंद आणि साठ्यातली वाढ, दोन्ही एकाच कमिटमध्ये ठेवल्या. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. खूण त्यानंतर. मध्येच जोडणी तुटली तर पुढच्या खेपेला तेच चलन पुन्हा येते, फाइल ते नाकारते, प्रोग्राम साठ्याला हात न लावता फक्त खूण करतो आणि पुढच्या चलनाकडे जातो. त्यानंतर रात्रीचे काम अर्धवट राहिले तर पहारेकरीसुद्धा ते पुन्हा चालवू शकत असे, आणि दोनदा त्याने चालवलेही.