अकोल्याची राखीव जागा

प्रश्न : अकोले विधानसभेचे आदिवासी आरक्षण 2030 मध्ये संपणार का? धनगर समाज अनुसूचित जमातीत आला तर आमच्या जागेचे काय?
– एक वाचक, राजूर

उत्तर : राखीव जागांसाठीच्या राज्यघटनेतील अनुच्छेद 334 ची मुदत 1960 पासून दर दहा वर्षांनी वाढत आली. 104 व्या घटनादुरुस्तीनुसार ती 25 जानेवारी 2030 पर्यंत आहे. ती वाढली नाही, तरी त्या वेळची विधानसभा विसर्जित होईपर्यंत तिच्यातील राखीव प्रतिनिधित्वाला धक्का लागत नाही, ही तरतूद सहसा कोणी सांगत नाही. मुदत पुन्हा वाढेल, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न नाजूक. धनगरांच्या या मागणीसाठी चौंडीत 2023 साली उपोषण झाले, तरी जमातींच्या यादीत बदल करण्याचा अधिकार अनुच्छेद 342 नुसार फक्त संसदेला आहे. राज्य सरकारला नाही, न्यायालयालाही नाही. यादीतील ‘धनगड’ म्हणजेच धनगर, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळला.

यादी वाढली तर लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागाही वाढायला हव्यात. सध्या 288 पैकी 25 आहेत. पण उमेदवारीची स्पर्धा वाढेल, ही महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची भीती खोटी नाही. राखीव जागा मतदारसंघ पुनर्रचनेत ठरतात; तिचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकत लेखी नोंदवा.