प्रवाळटाकीवरचा दिवा निवडताना

खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी घरी मांडण्याची ज्यास हौस आहे, त्याने दिव्यांच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपण कोणता जीव पाळणार आहोत हे ठरवावे आणि तो पाळण्याची कायद्याने मुभा आहे किंवा नाही याची खातरजमा करून घ्यावी, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. कारण मेटल हॅलाइड या प्रखर दिव्याची जी कीर्ती परदेशी पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचली, ती मुख्यतः चुनखडीचा सांगाडा रचणाऱ्या दगडी प्रवाळांच्या संगोपनातून झालेली आहे, आणि ते प्रवाळ आपल्या देशात घरी ठेवता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा दर्जा वाघाच्या बरोबरीचा होय. मुंबईच्या कोस्टल रोडचे काम चालू असता २०२० साली वरळी व हाजी अली येथील खडकांवरचे प्रवाळ हलविण्याची वेळ आली, तेव्हा महापालिकेसही वनखात्याची परवानगी काढून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकरवी ते काम करावे लागले. खुद्द महापालिकेस जेथे ही शिस्त पाळावी लागते, तेथे दिवाणखान्यातील हौसेने निराळ्या सवलतीची अपेक्षा धरू नये.

मग उरतात ते मऊ अंगाचे चामडी प्रवाळ, झोअँथिड, मश्रूम प्रवाळ आणि समुद्रफुले. यांच्याही शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते व प्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पोसते. परंतु यांपैकी बहुतेकांची गरज माफक असते, आणि समुद्रफुलासारखा एखादाच जीव अधिक उजेड मागतो. आमच्या करावे गावाच्या खाडीचे पाणी इतके गढूळ की हात कोपरापर्यंत बुडविला तर बोटे दिसत नाहीत, तेव्हा तिच्या काठावर राहून प्रवाळाची गोष्ट काढणे काहींस चमत्कारिक वाटेल. पण हाजी अलीच्या खडकावरचे ते प्रवाळही असल्याच मातकट पाण्यात, थोडक्या प्रकाशावर पिढ्यान्‌पिढ्या तग धरून राहिले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ‘जितका प्रखर दिवा तितके सुखी प्रवाळ’ हा समज किती पोकळ आहे ते कळून येते.

याच समजापायी घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे अगत्याचे आहे. गावातल्याच एका स्नेह्यांनी चार फुटी, सुमारे ३०० लिटर पाण्याची टाकी मांडली, आणि विक्रेत्याने छातीठोक ग्वाही दिल्यावरून तिच्यावर ४०० वॉटचे दोन मेटल हॅलाइड दिवे टांगले. मे महिन्यातील एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टाकीतील तापमापक ३१ अंश दाखवीत होता. चामडी प्रवाळाने आपली सारी बोटे आत ओढून घेतली होती व त्याच्या पृष्ठभागावर मेणचट साय धरली होती. झोअँथिड शर्टाच्या गुंड्यांसारखे घट्ट मिटलेले होते. आणि समुद्रफूल आपला खडक सोडून काचेवरून सरपटत पंपाच्या नळीमागील सावलीत जाऊन चिकटले होते. तेवढ्यात वीज क्षणभर गेली आणि परत आली. पंखा सुरू झाला, फ्रीज सुरू झाला, दिवे मात्र अंधारेच राहिले. स्नेही पुनःपुन्हा बटण खालीवर करीत म्हणाले, “अहो, दिवे गेले वाटतं!” मी म्हणालो, “गेले नाहीत. नळी निवू द्या, आपोआप लागतील.” दहा-बारा मिनिटांनी ते लागले. या दिव्यातील विद्युत्‌ज्योत एकदा विझली की तप्त नळीतील वायूचा दाब उतरेपर्यंत ती पुन्हा पेटत नाही, ही साधी गोष्टही त्यांना दिवे विकतेवेळी कोणी सांगितलेली नव्हती.

आता उष्णतेचा हिशेब पाहा. दोन दिवे व त्यांचे चोक मिळून सुमारे ९०० वॉट वीज घेतात. ही सर्व ऊर्जा ३०० लिटर पाण्यात मुरली तर तापमान ताशी अडीच अंशांनी चढेल. निम्मी मुरली तरी सव्वा अंशाने. वाफ व काच यांच्या वाटे काही उष्णता निघून जाते हे खरे. परंतु २४ ते २७ अंशांत सुखाने राहणाऱ्या जीवांना मे महिन्यातली खोलीची हवाच आधी जड जाते, त्यात ही भर. पाणी फार दिवस तापलेले राहिले की प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपच्या अथांग समुद्रात जे झाले, ते टाकीत होण्यास कितीसा अवधी लागणार? पाण्यावर पंखा सोडण्याचा उपाय पुण्याकडील कोरड्या हवेत चांगला लागू पडतो. खाडीकाठच्या दमट हवेत वाफच कमी होते, म्हणून त्याचा गुण अर्धवट येतो आणि पाणी थंड करणाऱ्या चिलरची तरतूद करावीच लागते. रोज आठ तास म्हटले तरी ते दोन दिवे दरमहा २१६ युनिटे जाळतात, चिलरची वीज निराळी. वीजबिलाचे टप्पे ओलांडल्यावर दर वाढतो तो आणखी निराळा. दिव्याची किंमत ही या खर्चातील सर्वांत लहान रक्कम होय.

इतके सांगूनही ज्याचे मन या दिव्यावरच बसले असेल, त्यास मी दोष देणार नाही. कारण एकाच बिंदूतून निघणाऱ्या प्रकाशामुळे टाकीच्या तळाशी लाटांच्या ज्या हलत्या रेषा उमटतात, त्यांची शोभा मलाही मोहविते. तथापि दोन फुटांहून कमी खोल टाकीस १५० वॉटचा एक दिवा दर दोन फूट लांबीमागे पुरे होतो. रंगात १०,००० केल्व्हिनचा शुभ्र वा १४,००० चा निळसर घ्यावा. २०,००० चा गर्द निळा तितक्याच विजेत जीवांना सहसा कमी उपयुक्त प्रकाश देतो. दोन्ही टोकांस जोड असलेली नळी घेतल्यास तिच्यापुढे अतिनील किरण अडविणारी काच असल्याखेरीज दिवा लावूच नये, नाहीतर प्रवाळ भाजतात आणि माणसाच्या डोळ्यांसही अपाय होतो. दिवा पाण्यापासून फूटभर तरी उंच टांगावा; तापलेल्या नळीवर खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडाला तर ती तडकते. वीज गेल्यावर इन्व्हर्टर पाणी खेळविणाऱ्या पंपासाठी राखावा, दिव्यासाठी नव्हे. जीवांना काही तास अंधार सोसतो, प्राणवायूवाचून राहणे सोसत नाही. आटलेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड्या पाण्याने करावी, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते.

माझा स्वतःचा कौल मात्र एलईडीकडे आहे. तिची तीव्रता हळूहळू चढविता-उतरविता येते, गेलेली वीज परत येताच ती तत्क्षणी लागते, आणि तिची उष्णता बहुतांशी मागल्या बाजूच्या धातूच्या पट्ट्यांवाटे हवेत जाते. नवशिक्याने तिच्यासोबत चार-दोन झोअँथिड व टाकीतच पैदास झालेली क्लाऊनफिशची जोडी यांवर आरंभ करावा. समुद्रातून धरून आणलेल्या माशाची मागणी त्याने वाढवू नये.

तरीही मेटल हॅलाइडच घेतला, तर त्याची नळी जळते आहे एवढ्यावरून ती ठीक आहे असे समजता येत नाही. वापराने तिचा प्रकाश घटतो व रंग पालटतो, म्हणून वर्षाच्या आत-बाहेर ती बदलावी लागते. आणि नवी बसविताना दिवा वर उचलून, तास निम्म्यावर आणून, दोन-तीन आठवड्यांत पूर्वस्थितीवर यावे, नाहीतर मंद उजेडास सरावलेले जीव नव्या तेजाने पोळतात. उतरविलेल्या नळीत पारा असतो. तेव्हा ती न फोडता, वेष्टनात गुंडाळून, ई-कचरा स्वीकारणाऱ्यांच्याच हवाली करावी.